कागदी समुपदेशन यापुढे खपवून घेणार नाही

राज्यातील सर्व संस्थाचालक, कुलगुरू, प्राचार्य, वसतिगृहचालक आणि खासगी क्लासचे मालक यांना हा जाहीर इशारा आहे. आम्ही पालक, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी मिळून तो देत आहोत. तुमच्याकडे शिकणाऱ्या मुलामुलींच्या मानसिक आरोग्याची जबाबदारी तुमच्यावर आहे. दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालये उघडतील त्या दिवसापर्यंत ती प्रत्यक्षात पार पाडायला लागा. त्यानंतर आमच्या विनंत्या बंद होतील आणि लेखी तक्रारी सुरू होतील.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता, 1,764. म्हणजे राज्यात शाळेपासून विद्यापीठापर्यंत रोज जवळजवळ पाच मुले. एखाद्या साथीने इतके बळी घेतले असते तर मंत्रालयात रोज बैठका झाल्या असत्या. इथे शोकसभा होते, दोन मिनिटे सगळे उभे राहतात आणि ‘मुळातच हळवा होता’ म्हणून विषय संपवला जातो. हे वाक्य आम्हाला पुन्हा ऐकवू नका.

हळवेपणावर खापर फोडण्याआधी आपल्या आवारात काय चालते ते पाहा. हिंगोली, गडचिरोली, नंदुरबारहून आलेला, मराठी माध्यमातून बारावीला उत्तम गुण मिळवलेला मुलगा पहिल्या सत्रात तीन विषयांत नापास होतो. एटीकेटी म्हणजे काय हे घरी कसे सांगायचे, ते त्याला कळत नाही. शिष्यवृत्तीचा हप्ता आलेला नसतो, म्हणून फी बाकी. फी बाकी म्हणून हॉलतिकीट अडवलेले. हजेरी कमी पडली की डिफॉल्टर लिस्टमध्ये त्याचे नाव सूचनाफलकावर लागते. आडनावावरून टोमणे बसत असतील तर तक्रार कोणाकडे करायची हेही ठाऊक नसते. आत्महत्येने जीव गमावलेल्या रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या आयांना 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले, ते याच जातीय छळाविरुद्ध. हा सगळा भार मनावर येतो, आणि त्यातला बराचसा तुमच्या कार्यालयांतून लादला जातो.

आता कायदा ऐका. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात 15 मार्गदर्शक निर्देश दिले. वेगळा कायदा होईपर्यंत ते बंधनकारक आहेत. शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे, कोचिंग क्लास आणि वसतिगृहे, सरकारी असोत वा खासगी, सर्वांना. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमलाच पाहिजे. परीक्षेच्या काळात लहान गटांसाठी मार्गदर्शक हवेत. गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. छळाच्या तक्रारीकडे दुर्लक्ष झाले आणि त्यातून विद्यार्थ्याने स्वतःला इजा केली, तर तो संस्थेचा दोष धरला जाईल. ‘निधी नाही’ किंवा ‘पद मंजूर नाही’ या सबबीला यात जागा नाही.

तुम्ही काय दाखवता ते आम्हाला ठाऊक आहे, कारण आमच्यापैकी काहींनी ती रजिस्टरे भरली आहेत. नॅकची समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात मेंटॉर-मेंटीची वही बाहेर निघते. प्रत्येक नावापुढे एकच मजकूर असतो: ‘विद्यार्थ्याशी चर्चा केली, अभ्यासाकडे लक्ष देण्यास सांगितले.’ वर्षभराच्या तारखा, पण शाई एक आणि बैठकही एक. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी आणि आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. समुपदेशक म्हणून नाव कोणाचे, तर आधीच तीन समित्या सांभाळणाऱ्या मॅडमचे. मुलगी धीर करून बोललीच, तर संध्याकाळपर्यंत ते स्टाफरूममध्ये पोहोचलेले असते.

दुसरी गोष्ट. मुलगा खचतोय हे सर्वांत आधी मेसच्या मावशींना दिसते. चार दिवस त्याचे ताट भरलेलेच परत येते. रात्री तीनला जिन्यात बसलेला वॉचमनला दिसतो. पण हे सांगायचे कोणाला, हे त्यांना कोणीच सांगितलेले नसते. न्यायालयाने वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण सांगितले आहे, ते प्राध्यापकांबरोबर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही. त्यात मेस आणि गेटवरची माणसे धरा.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

1. पात्र समुपदेशकाचे नाव, पात्रता आणि वेळ मुख्य फलकावर लावा. एक नेमणूक ही किमान अट आहे. हजारो विद्यार्थ्यांना एकच माणूस पुरणार नाही.

2. समुपदेशनाची खोली कार्यालयापासून दूर असावी आणि तिथले बोलणे तिथेच राहावे. जिवाला धोका असेल तेव्हाच आणि गरजेपुरतेच ते इतरांना कळावे.

3. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक प्रत्येक वर्गात, वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर आणि ओळखपत्राच्या मागे ठळक मराठीत छापा.

4. शिष्यवृत्ती थकली म्हणून कोणाचेही हॉलतिकीट अडवू नका. नावांच्या अपमानकारक याद्या फलकावरून उतरवा.

5. रेक्टरपासून वॉचमनपर्यंत सर्वांचे प्रशिक्षण घ्या आणि त्याच्या तारखा जाहीर करा.

पालकांनाही बजावून सांगतो. ‘आमच्या घरात असले काही नसते’ हे वाक्य मुलाचे तोंड बंद करते. तो झोपत नसेल, जेवत नसेल, जवळच्या वस्तू वाटून टाकत असेल, ‘मी नसलो तरी तुमचे चालेल’ म्हणत असेल, तर निकालाची चौकशी थांबवा आणि जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार येतो का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षेपासून संरक्षण आहे. तिला उपचार मिळवून देणे हे सरकारचे कर्तव्य आहे.

आणि मुलांनो, मदत मागणे हा तुमचा हक्क आहे. 14416 वर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीत बोलता येते. आज जड जात असेल तर आमच्या मुदतीची वाट पाहू नका. आताच फोन करा किंवा शेजारच्या खोलीतल्या मित्राला उठवा.

संस्थाचालकांनो, आमची तयारी झाली आहे. मुदत संपताच आम्ही महाविद्यालयागणिक पाहणी करू. समुपदेशक नसेल, कक्षाला कुलूप असेल, क्रमांक लावलेला नसेल तर फोटोसह लेखी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. न्यायालयाच्या निर्देशांनुसार जिल्हा संनियंत्रण समितीचे अध्यक्ष तेच आहेत, आणि समिती बसलेली नसेल तर त्याचा जाबही त्यांनाच विचारू. प्रत विद्यापीठाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाला जाईल. माहिती अधिकार जिथे लागू आहे तिथे तो वापरू. त्यानेही भागले नाही तर उच्च न्यायालयात दाद मागू. पुढच्या प्रवेशांच्या वेळी कोणत्या संस्थेने काय केले आणि काय टाळले, याची यादी प्रत्येक पालकाच्या हाती देऊ. या यादीत आपले नाव कुठे असावे, ते दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत ठरवा.