गलतीकर, तेरकर आणि ‘मूळ कोणाचे?’ हा प्रश्न

१/ धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या त्रिविक्रम मंदिराचे छायाचित्र कुठेही प्रसिद्ध झाले की त्याखालचा वाद ठरलेला असतो: हे मूळ बौद्ध चैत्यगृह, की मूळचेच मंदिर? धाराशिव शहराजवळच्या लेण्यांविषयीही तेच: मूळ बौद्ध की जैन? वाद रंगतो, परंतु इतिहासाचे ज्ञान तसूभरही पुढे सरकत नाही. दोष उत्तरांत नाही, प्रश्नात आहे. हे समजण्यासाठी थोडे दूर जावे लागेल.

२/ ‘केल्ट’ हे नाव ग्रीक लेखकांनी पश्चिम व मध्य युरोपातील लोकांना दिले. गॉलमधील काही लोक स्वतःलाही तसेच म्हणवत, असे सीझर नोंदवतो. मात्र ब्रिटन व आयर्लंडच्या रहिवाशांना प्राचीन लेखकांनी केल्ट म्हटलेले नाही. एडवर्ड लॉइडने १७०७ मध्ये या भाषांचे नाते मांडले आणि त्यानंतर ते नाव त्या बेटांना चिकटले. म्हणजे आज ज्यांना हमखास ‘केल्टिक’ म्हटले जाते, त्यांच्या पूर्वजांना ही ओळख ठाऊकच नव्हती.

३/ उलट, ज्या केल्टांचा आरंभीच्या ख्रिस्ती धर्माशी प्रथम संबंध आला ते आशियात होते. इ. स. पू. २७८ च्या सुमारास केल्ट टोळ्या आजच्या तुर्कस्तानात शिरल्या आणि अंकाराच्या परिसरात स्थिरावल्या. तो प्रदेश गलतिया. पौलाने तेथील मंडळ्यांना लिहिलेले पत्र मराठी बायबलमध्ये ‘गलतीकरांस पत्र’ म्हणून येते. पुणेकर, तेरकर, तसे गलतीकर! या ‘कर’ने वंश सांगितला जात नाही, केवळ ठिकाण सांगितले जाते. आणि तेच योग्य आहे. कारण गलतिया हा पुढे रोमन प्रांत झाला, त्यात केल्ट नसलेली शहरेही होती, आणि पौलाचे वाचक नेमके कोण यावर अभ्यासकांत अद्याप मतभेद आहेत.

४/ त्या पत्राचा विषयही ओळखीचाच आहे. ख्रिस्ताला मानणाऱ्या परकीयाने आधी यहुदी व्हावे काय, सुंता करून घ्यावी काय? पौलाचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे: श्रद्धेसाठी वंश बदलावा लागत नाही. जन्माने मिळणारी ओळख आणि स्वीकारलेला धर्म यांना वेगळे काढणारा हा विचार आरंभीच्या ख्रिस्ती धर्माचा कणा ठरला.

५/ हे पत्र इ. स. ५० च्या आसपासचे. त्याच शतकात लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे शहर येते. तेथील सुती कापड गाड्यांतून भरूच बंदराकडे जाई. जे. एफ. फ्लीटने ओळख पटवलेले हे तगर म्हणजेच तेर. येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेईतील मूर्ती यांच्यातील साम्य प्रसिद्धच आहे. मात्र वस्तूंच्या प्रवासावरून माणसांचा धर्म ठरत नाही. तेरला रोमन जगाशी व्यापार होता, एवढेच सिद्ध होते. तेथे रोमन वा ख्रिस्ती वस्ती होती, असे नव्हे.

६/ कार्ले आणि जुन्नरच्या शिलालेखांत ‘यवन’ दाते भेटतात. त्यांतील अनेकांची नावे भारतीय वळणाची आहेत आणि दान बौद्ध संघाला आहे. यवन म्हणून ओळख, भारतीय नाव, बौद्ध श्रद्धा: तिन्ही एकाच माणसाच्या ठायी. त्याला एकाच चौकटीत बसवण्याचा हट्ट आधुनिक आहे.

७/ आयर्लंडमध्येही तसेच. इ. स. ४३१ मध्ये पॅलेडियस तेथील ख्रिस्ती लोकांचा पहिला बिशप म्हणून रोमहून गेला. पॅट्रिकने लॅटिनमध्ये लिहिले. ६६४ च्या व्हिटबी येथील धर्मसभेत ईस्टरची तारीख आणि मुंडणाची पद्धत यांवरून वाद झाला. त्याला ‘केल्टिक विरुद्ध रोमन’ हे रूप पुढे देण्यात आले. प्रत्यक्षात दक्षिण आयर्लंडने रोमची गणना त्याआधीच स्वीकारली होती, आणि आयोनाच्या मठाची परंपरा पाळणारा राजा ओस्विउ हा अँग्लो-सॅक्सन होता. वाद पंचांगाचा होता, वंशाचा नव्हता.

८/ आता पुन्हा तेर. त्रिविक्रम मंदिराचे विटांचे, मागे अर्धवर्तुळाकार गर्भगृह अनेक अभ्यासक मूळ चैत्यगृह मानतात. पुढील मंडप नंतरचा. धाराशिवच्या काही लेण्यांतही बौद्ध काळानंतर जैन उपासना आली, असे मत आहे; कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या लेण्याची कथा येते. त्याच गावात पुढे गोरोबाकाका झाले. यांतला कोणता थर ‘खरा’ तेरकर?

९/ यावर आक्षेप येतो: मग बळजबरीने झालेले बदलही झाकायचे काय? मुळीच नाही. पण बळजबरी सिद्ध करायची तर काळ, कर्ता आणि पुरावा हवा. ‘मूळ आमचे’ या घोषणेतून यांपैकी काहीच मिळत नाही. एखादी वास्तू ओस पडल्यावर दुसऱ्यांनी वापरली, की वापरात असतानाच हिसकावली, हा फरक विटा, मूर्ती आणि लेखच सांगू शकतात.

१०/ म्हणून तरुण अभ्यासकांनी ‘मूळ कोणाचे?’ऐवजी ‘केव्हा, कोणी, कशासाठी बदलले?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला एकच मालक मिळतो आणि बाकीचे सारे उपरे ठरतात. दुसऱ्या प्रश्नातून दोन हजार वर्षांचे अख्खे गाव हाती लागते.