पदकाआधीचा पैसा



कुस्तीगीर खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. सरकारकडून पुरेशी मदत मिळत नव्हती. खाशाबांच्या गोळेश्वर-कऱ्हाडकडच्या लोकांनी वर्गणी काढली. त्याआधी १९४८च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता आणि तिथे खाशाबा सहावे आले होते. हेलसिंकीत कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यातून प्राचार्यांचे पैसे फेडले.

ही गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना पाठ आहे. तिच्यातली एक बाब मात्र दरवेळी निसटून जाते. खर्डेकरांनी घर गहाण टाकले तेव्हा पदक कुठेच नव्हते. हातात होते ते एका पोराचे अंग, त्याची जिद्द आणि सहावा क्रमांक. आज आपल्याकडे पैसा कमी नाही, पण तो पदकानंतर येतो. यंदाच्या अंकाचा विषय म्हणून आम्ही हाच प्रश्न घेतला आहे.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफलच्या थ्री पोझिशन प्रकारात कांस्य जिंकले. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे गेली. राज्य सरकारने लगोलग एक कोटीचे बक्षीस जाहीर केले. जिल्हाभर फटाके फुटले, आणि ते फुटायलाच हवे होते. पण हा मुलगा तिथवर पोचला तो शिक्षक वडिलांनी काढलेल्या कर्जावर, सरकारच्याच क्रीडा प्रबोधिनीत लहान वयात मिळालेल्या प्रवेशावर आणि पुढे रेल्वेतल्या नोकरीवर. प्रबोधिनीचा खर्च एक कोटीच्या मानाने किरकोळ. तोच खरा कामाला आला.

आधी देण्याची रीत या शहराला नवी नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे झाली. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उघडले. महाराजांनी जागा दिली, इमारतीला मदत केली आणि दरसालचे अनुदान बांधून दिले. त्यातले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. उद्घाटनाला देणगी देणारे पुष्कळ असतात. पाचव्या वर्षी त्याच मुलांच्या जेवणाचा खर्च कोण भागवणार, याची तजवीज फार थोडे करतात. कुस्तीतही महाराजांनी तेच केले. खासबागचे मैदान १९१२ साली उभे राहिले, ते आपण अभिमानाने दाखवतो. पण दरबाराने मल्लांना वर्षानुवर्षे दिलेला आश्रय आणि खुराक नसता, तर त्या मैदानात उतरले कोण असते?

खुराक म्हणजे काय, हे तालमीत जाऊन पाहावे. पहाटे जोर-बैठका, मग लाल मातीत लढत, मग दूध, तूप, बदामाची थंडाई. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरीच्या तालमींत गावोगावची, सीमाभागातलीसुद्धा पोरे राहतात. त्यांचे आईबाप घरातल्या म्हशीचे दूध डेअरीला घालतात आणि त्या पैशातून पोराला बदाम पाठवतात. एका वर्षी पाऊस हुकला, बिल थकले किंवा पोराचा गुडघा गेला की हा हिशेब कोलमडतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी गाशा गुंडाळून गावी गेलेल्या मुलांची नोंद कुठेच होत नाही. आम्हाला सर्वांत जास्त टोचते ते हे.

मुलींचे तर आणखी अवघड. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवले, राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. दोघी याच शहराच्या. तरीही पेठेतल्या जुन्या तालमींचा उंबरा मुलींसाठी अजून पुरता उघडलेला नाही. मुलींच्या कुस्तीसाठी मुरगूडचे नाव घ्यावे लागते.

तालमींकडे आम्ही आशेने पाहतो, त्याला कारण आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलमुळे घराघरात आहेत. पण २०१९ आणि २०२१च्या महापुरात पेठापेठांतली तालमीची पोरेच कमरेएवढ्या पाण्यात उतरली होती. रक्तदान असो की शेजारच्या घरातले मरण, पहिली हाक तालमीलाच जाते. मग गणेशोत्सवाच्या वर्गणीतला ठरावीक वाटा खुराक, बूट आणि फिजिओथेरपीसाठी बाजूला का काढू नये? बाहेरून बोलावलेल्या परदेशी खेळाडूंवर खर्च करणाऱ्या संघांनी पेठेतल्या चौदा वर्षांच्या पोरांसाठीही तेवढ्याच हिरिरीने पैसे काढावेत, असे आम्हाला मनापासून वाटते.

मोठा पैसाही आहे. २०१४ पासून कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि त्यात खेळाचे प्रशिक्षण बसते. क्रीडा खात्याचे व्यायामशाळा अनुदानही आहे. अडते ते कागदावर. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, तपासलेले हिशेब, जागेचा उतारा यांतले एक ना एक तालमीकडे नसते. वस्तादाने डाव शिकवायचे की प्रस्ताव लिहायचे? शहरातल्या प्रत्येक चार्टर्ड अकाउंटंटने एका तालमीचे हिशेब विनामूल्य पाहिले, निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ दिली, तरी बरीच दारे उघडतील. ही मदतही अनुदानच आहे.

या अंकाच्या जाहिरातींच्या उत्पन्नातून दोन मुली आणि दोन मुलगे यांचा तीन वर्षांचा खुराक आणि प्रवासखर्च आम्ही देणार आहोत. निवड करताना पदके पाहणार नाही. वस्ताद किंवा प्रशिक्षकाचा शब्द आणि घरची परिस्थिती एवढेच पाहू. आपल्या गावातल्या, पेठेतल्या अशा मुलामुलींची नावे त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कार्यालयात कळवावीत. एखाद्या मुलाचा एका वर्षाचा दुधाचा रतीब ज्यांना आपल्याकडे घ्यायचा असेल, त्यांनीही कळवावे.