सभामंडपाचे कूळ

पोर्तुगीज अमदानीत चर्चने गोव्यातल्या गावकऱ्यांचे काय काय घेतले, हे सांगताना आपल्याकडच्या बैठकीत आवाज चढतो. चढावाच. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली आणि पुढे त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या संस्थांकडे वळवण्यात आले, हा इतिहास आहे. पण तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशी सभामंडपासाठी सरकारी अनुदानाचा अर्ज घेऊन आमदारांच्या दारात उभा असतो. त्याला दोन शब्द सुनावणे भाग आहे.

ख्रिस्ती परंपरेत दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा धर्माला. भाविकाने तो आपखुशीने दिला तर कोणाचे काय जाते? बिघडते ते सरकारचा शिपाई वसुलीला निघाला की. आयर्लंडमध्ये शेतकरी बहुसंख्येने कॅथलिक, राज्यमान्य चर्च मात्र अँग्लिकन. ज्या चर्चची पायरी जन्मात चढायची नाही, त्याच्या पाद्र्याला पिकातला वाटा द्यायचा. न दिल्यास दावणीची गुरे जप्त! १८३१ च्या सुमारास लोकांनी जागोजागी नकार दिला. डिसेंबर १८३४ मध्ये कॉर्क परगण्यातील रॅथकॉरमॅकजवळ एका विधवेची मोजक्या पौंडांची थकबाकी वसूल करायला फौज गेली आणि गोळीबारात सुमारे डझनभर माणसे मेली.

मग १८३८ मध्ये पार्लमेंटने तोडगा काढला. दशमांश चौथाईने कमी केला आणि उरलेला जमीनदाराच्या माथी मारला. जमीनदाराने तो खंडात मिसळून कुळाकडूनच काढायचा! शिपाई दिसेनासा झाला, पैसे मात्र जातच राहिले. त्या चर्चची राज्यमान्यता १८६९ च्या कायद्याने काढली गेली, तीही १८७१ पासून.

आपले अनुदान म्हणजे हाच १८३८ चा तोडगा. एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी खास राखलेला कर कोणावर लादता येणार नाही, असे घटनेचे २७ वे कलम सांगते. परंतु पैसा एकूण तिजोरीतून गेला की पळवाट सापडते. हज अनुदानावर एकूण करातला मोठा वाटा खर्च होत नाही, म्हणून २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते या कलमाच्या कसोटीवर टिकवले. ते अनुदान २०१८ मध्ये बंद झाले, बरे झाले. त्याविरुद्ध कंठशोष करणाऱ्यांपैकी कितीजण मंदिराच्या भक्तनिवासाला मिळालेल्या सरकारी पैशाविरुद्ध बोलले? साबणाच्या वडीवर कर भरणारा मुसलमान, ख्रिस्ती, जैन, नास्तिक, सगळेच आपल्या सभामंडपाचे कूळ झाले आणि त्यांना कोणी विचारलेही नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: सरकार देवळातून घेते, मग देवळाला दिले तर काय बिघडले? तक्रारीत तथ्य आहे. कर्नाटकात एक कोटीहून अधिक वार्षिक उत्पन्नाच्या देवस्थानांकडून दहा टक्के घेण्याचे विधेयक २०२४ मध्ये आले, ते फेब्रुवारीत विधान परिषदेत पडले. तो पैसा लहान देवळांसाठीच होता, हे खरे. तरीही हुंडी भाविकाची. हिशेब तपासायला सरकारने खुशाल यावे, टक्का ठरवायला येऊ नये. पण 'घेऊ नका' म्हणणाऱ्याने 'द्या' म्हणून हात पसरू नये, एवढी तरी लाज हवी.

आमच्या गल्लीतल्या मारुतीचा पार वर्गणीतून बांधला. तीन घरांनी वर्गणी दिली नाही. त्यांच्या दारात पुन्हा कोणी गेले नाही, आणि पार पावसाळ्याआधी पुरा झाला.