निर्यातदाराला हमी, कामगाराला घरची वाट

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क प्रथम २५ टक्के केले आणि अवघ्या वीस दिवसांत ते ५० टक्क्यांवर नेले. त्यातील निम्मा भाग रशियाकडून खनिज तेल घेतल्याबद्दलचा दंड होता. व्यापाराच्या नावाने आकारलेला हा दंड वस्तुतः एका सार्वभौम राष्ट्राच्या परराष्ट्र धोरणावर आणलेला दाब होता. त्याच तेलाचे भारताहून मोठे गिऱ्हाईक असलेल्या चीनवर असा दंड बसवण्याचे धैर्य मात्र वॉशिंग्टनला झाले नाही!

स्वस्त रशियन तेलाचा नफा जमा झाला तो तेलशुद्धीकरण कंपन्यांच्या ताळेबंदात. पेट्रोलपंपावरील दर त्या प्रमाणात कधीच उतरले नाहीत. दंड भरावा लागला तो तिरुप्पूरमध्ये शिलाईयंत्रावर बसलेल्या स्त्रीला, सुरतेच्या हिरे-कारागिराला, भदोहीच्या गालिचे विणणाऱ्याला आणि आंध्रच्या किनाऱ्यावर कोळंबी सोलणाऱ्या बायकांना. औषधे व स्मार्टफोन या शुल्कातून वगळण्यात आले होते. जिथे राबणारे हात अधिक आणि मजुरी कमी, नेमक्या त्याच धंद्यांवर घाव बसला.

अशा वेळी सरकारने उद्योगांना हात द्यावा की नाही, हा वादाचा मुद्दाच नाही. मागणी रद्द झाल्याने तयार माल गोदामात पडून राहिलेला छोटा कारखानदारही या संकटात सापडला आहे आणि त्याला मदत हवीच. प्रश्न आहे तो मदत कोणत्या रूपात दिली गेली आणि कोणत्या अटीवर, हा.

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन योजना मंजूर केल्या. सहा वर्षांत २५,०६० कोटी रुपये खर्चाचे निर्यात प्रोत्साहन अभियान ही एक. दुसरी, निर्यातदारांना २०,००० कोटींपर्यंतचे जादा कर्ज तारणाशिवाय मिळावे यासाठी शंभर टक्के सरकारी हमी. हमी याचा अर्थ सरळ आहे: कर्ज बुडाले तर बँकेची तूट सार्वजनिक तिजोरी भरून देणार. पाठोपाठ रिझर्व्ह बँकेने संकटग्रस्त निर्यातदारांना १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळातील हप्ते पुढे ढकलण्याची सवलत देऊ केली. काम सुटल्यावर घरखर्चासाठी छोट्या कर्जाच्या कंपनीकडून उचल घेणाऱ्या कामगाराच्या हप्त्याची आठवण मात्र कोणाला झाली नाही. त्याच्या दाराशी वसुलीचा माणूस ठरल्या दिवशी उभाच राहिला.

नोकऱ्या वाचवणे हे उद्दिष्ट सरकारी निवेदनात लिहिलेले होते. पण सरकारी हमीवर कर्ज घेणाऱ्याने अमुक महिने कामगारकपात करू नये, मजुरी कापू नये, अशी अट जाहीर तपशिलात नव्हती. उलट अवघ्या नऊ दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, चार श्रमसंहिता अंमलात आणण्यात आल्या. पूर्वी शंभर वा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपातीपूर्वी वा टाळेबंदीपूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागे. नव्या संहितेने ही मर्यादा तीनशेवर नेली. निर्यातीच्या धंद्यातील बहुसंख्य कारखाने या मर्यादेच्या आतच येतात. एका हाताने मालकाला जनतेच्या पैशाचे संरक्षण आणि दुसऱ्या हाताने कामगाराचे होते ते संरक्षणही काढून घेणे, असा हा नऊ दिवसांचा हिशेब आहे.

बेकारीच्या काळात कामगाराला आधार देणारी तरतूद कागदावर आहे. राज्य कामगार विमा महामंडळाच्या अटल योजनेत २०२० पासून सरासरी रोजंदारीच्या निम्मा भत्ता जास्तीत जास्त नव्वद दिवस मिळण्याची सोय झाली, तीही आयुष्यात एकदाच. परंतु त्यासाठी मुळात विम्याच्या पटावर नाव हवे. नगावर मजुरी घेणारा आणि मालकाने ज्याची नोंदच केलेली नाही असा कारागीर तेथे कसा पोहोचणार? मे २०२५ मध्ये गुजरात सरकारने बेकार हिरे-कारागिरांच्या मुलांची शाळेची फी वर्षाला १३,५०० रुपयांपर्यंत देण्याचे ठरवले. ही मागणी रास्तच होती. पण फी भरली म्हणून चूल पेटत नाही.

मुक्त व्यापाराचे ढोल वाजवणाऱ्या अमेरिकेतच १९६२ च्या व्यापारविस्तार कायद्याने परदेशी मालाच्या स्पर्धेत काम गमावलेल्या कामगारांसाठी भत्ता आणि प्रशिक्षणाची योजना आणली होती. कामगार संघटनांचा पाठिंबा मिळाल्याविना तो कायदा पुढे सरकणे कठीण होते, म्हणून ती तरतूद झाली. (त्याच अमेरिकेने १ जुलै २०२२ पासून या योजनेचे दार नव्या अर्जदारांना बंद केले, हेही ध्यानात ठेवावे.) भारतात एवढीही तरतूद कधी झाली नाही.

सर्वांत संतापजनक कथा कापसाची आहे. कापड गिरण्यांना दिलासा म्हणून केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून आयात कापसावरील ११ टक्के शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेर. ऑक्टोबर ते डिसेंबर हाच विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याचा कापूस बाजारात येण्याचा काळ! सूट जाहीर होताच भारतीय कापूस महामंडळाने स्वतःच्या विक्रीचे दर खाली आणले आणि व्यापाऱ्यांना इशारा मिळाला. मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर असताना हंगामाच्या आरंभी खुल्या बाजारात शेतकऱ्याला त्याखाली माल द्यावा लागला. भारताला कापूस विकणाऱ्या प्रमुख देशांत अमेरिका आहे. म्हणजे अमेरिकेच्या शुल्काने झालेली जखम भरून काढण्यासाठी अमेरिकेच्याच कापसाला दार मोकळे करण्यात आले आणि त्याची किंमत यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याने मोजली. गिरणी तगावी म्हणून शेतकरी बुडवण्याचे कारण काय? गिरण्यांना सवलत द्यायची तर ती तिजोरीतून देता आली असती.

अमेरिकी शुल्काचा दर वॉशिंग्टनच्या मर्जीने चढेल, उतरेल. करार होतील, मोडतील. म्हणून सार्वजनिक पैशाच्या वाटपाचे नियम आजच ठरले पाहिजेत. हमी घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने कामगारांचा पट जाहीर करावा आणि कर्ज फिटेपर्यंत तो घटवू नये. नगावर काम करणाऱ्यांसह सर्वांची विमा नोंदणी मालकाच्या खर्चाने व्हावी, आणि काम बंद पडल्यास किमान वेतनाइतका भत्ता थेट कामगाराच्या हाती पडावा. कापसाचा हंगाम चालू असताना आयातशुल्काला हात लावू नये. तिरुप्पूर, सुरत, भदोही आणि इचलकरंजी येथील संघटनांनी या मागण्या कारखान्याच्या फाटकावर आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर एकाच वेळी नेल्या पाहिजेत, आणि कापूस उत्पादकांच्या मोर्चाने त्यांना येऊन मिळाले पाहिजे.