कार्डे जुळवून सिकलसेल जाणार नाही

सिकलसेलचा विषय निघाला की हल्ली एक उपाय हमखास सुचवला जातो. लग्न ठरवताना पत्रिकेऐवजी दोघांची सिकलसेलची कार्डे बघा, दोन वाहकांचे लग्न होऊ देऊ नका, एका पिढीत रोग संपेल. व्यासपीठावरून हे सांगितले की टाळ्या पडतात. तपासणी सक्तीची करा, ही त्याच्या पुढची मागणी. सुचवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. विदर्भात किंवा नंदुरबारकडे ज्यांनी हाडांच्या दुखण्याने रात्रभर कण्हणारे मूल पाहिले आहे, त्यांना हा रोग उद्याच संपावा असे वाटणारच. तरीही हा उपाय चुकीचा आहे. तो शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही आणि माणसांचे नुकसान करतो.

आधी शास्त्र पाहू. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक, नुसते वाहक निघण्याची चारात दोन, हे गणित बरोबर आहे. पण कार्डावरचा निकाल येतो कुठून? गावच्या शिबिरात बहुधा सोल्युबिलिटी चाचणी होते. बोटाला टोचून रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा. द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या रेषा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. चाचणी स्वस्त आहे, झटपट आहे, पहिल्या चाळणीला उत्तम आहे. मात्र वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. त्याहून मोठी अडचण अशी की बीटा थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक सोल्युबिलिटी चाचणीला दिसतच नाही. समजा, मुलगी सिकलसेलची वाहक आणि मुलाचे द्रावण स्वच्छ. कार्डे जुळली, लग्न झाले. तो मुलगा थॅलेसेमियाचा वाहक असला, तर त्यांच्याही प्रत्येक बाळाला चारात एक धोका आहेच, तो सिकल-बीटा थॅलेसेमियाचा. आणि हा आजार पुष्कळदा सिकलसेलइतकाच छळतो. एचपीएलसी केली तरी शरीरात लोहाची कमतरता असेल तर थॅलेसेमियाची खूण झाकली जाऊ शकते. असा अहवाल वाचायला आणि घरच्यांना उलगडून सांगायला जाणता माणूसच लागतो. कार्डाला ते जमत नाही.

यावर सायप्रसचा दाखला पुढे केला जातो. सायप्रसमध्ये थॅलेसेमियाचे प्रमाण फार होते. तिथल्या चर्चने १९८०च्या दशकात लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली आणि थॅलेसेमिया मेजरची नवी मुले जन्मणे जवळजवळ थांबले. इथपर्यंत सगळे सांगतात. पण त्या दाखल्यावर कोण वाहक आहे हे लिहिलेलेच नसे! तपासणी झाली, सल्ला मिळाला, एवढीच त्यात नोंद. दोन वाहकांच्या लग्नाला आडकाठी नव्हती आणि बहुतेक वाहक जोडप्यांनी लग्ने केलीच. फरक पडला तो त्यांना आधी समजावून सांगितल्यामुळे आणि गरोदरपणी निदानाची सोय हाताशी असल्यामुळे. म्हणजे सक्तीचा पुरावा म्हणून जे उदाहरण दिले जाते, ते समुपदेशनाच्या बाजूने साक्ष देते.

उलट उदाहरण अमेरिकेचे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांवर सिकलसेल तपासणी लादली, पण समजावून सांगायची सोय केली नाही. वाहक म्हणजे रुग्ण, असाच समज पसरला. धडधाकट माणसांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. हवाईदलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१पर्यंत बंद होते.

आता दुसरी बाजू. तपासणीच नको, असे म्हणणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे मला अधिक गंभीर वाटते, कारण ते पोळलेल्या लोकांचे आहे. आधीच जातीचा शिक्का, त्यात आता रक्ताचा. आमच्या मुलींची लग्ने मोडतात, असे दलित आणि आदिवासी घरांतून ऐकू येते. ते खरे आहे. रांगेतल्या सगळ्यांसमोर नाव पुकारून निकाल सांगितला, की संध्याकाळपर्यंत तो गावभर होतो. पण दोष तपासणीचा नाही, ती उघड्यावर मांडण्याचा आहे. वाहक आजारी नसतो. ज्या मुलखात मलेरियाने पिढ्यानपिढ्या माणसे नेली, तिथे या जनुकाची एक प्रत अंगात असणारे जास्त तगले, म्हणून हे जनुक टिकले. सिंधी आणि लोहाणा घरांत थॅलेसेमिया असाच वावरतो. यात कुणाची खोट नाही. तपासणी टाळली तर शिक्का टळत नाही, तो फक्त आईच्या कपाळी जातो.

समुपदेशनाच्या खोलीत हे स्पष्ट दिसते. कागदावर बापाची दोन आणि आईची दोन अशी चार वर्तुळे काढलेली असतात. बाई विचारते, ‘पह्यलं बिमार निंगालं, म्हनजे आता तीन चांगले होतीन ना?’ तिला सांगावे लागते की नाही ताई, दर खेपेला हिशेब नव्याने सुरू होतो. शेजारून सासू म्हणते, आमच्या घरात हे नव्हतंच, हिनंच आणलं. तेव्हा समुपदेशक काही न बोलता सासूच्याच मुलाचा अहवाल पुढे सरकवते आणि बापाकडच्या वर्तुळावर बोट ठेवते. त्या पाच मिनिटांत त्या सुनेचे जे वाचते, ते कुठल्याच कार्डाने वाचणार नाही.

म्हणून माझी मागणी माणसांची आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठरले. तपासण्यांसाठी किट विकत मिळतात. समुपदेशक घडवावा लागतो. गोंडी, माडिया, पावरी बोलणारी, कायमच्या पगारावरची, दार लावता येईल अशा खोलीत बसणारी माणसे ग्रामीण रुग्णालयात हवीत. पत्नी वाहक निघाली तर नवऱ्याची एचपीएलसी त्याच आठवड्यात व्हावी. वारेचा नमुना घेऊन गर्भाचे निदान अकराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते. भामरागडच्या बाईला ते वेळेत करून घ्यायचे तर जाण्यायेण्याची सोय शासनाने करावी. पुढे काय करायचे, हे त्या जोडप्याने ठरवावे. मूल हवे असे त्यांनी ठरवले, तर जन्मल्याबरोबर त्याची तपासणी व्हावी आणि हायड्रॉक्सीयुरिया हे औषध त्याच्या जवळच्या आरोग्य केंद्रात सदैव मिळावे.

पुढच्या वेळी किती लाख तपासण्या झाल्या याचा आकडा जाहीर होईल, तेव्हा पत्रकारांनी आणि आमदारांनी लगेच विचारावे : त्यातल्या किती वाहकांशी कुणी बसून बोलले, आणि किती जणांच्या जोडीदाराचे रक्त तपासले गेले?