कोरा रकाना आणि मोनाड

मंडळी, मोनाड म्हटलं की लोक थेट कॅटेगरी थिअरी काढून बसतात आणि शिकणारा तिथूनच पळतो. माझं मत विचाराल तर सातबारा समोर ठेवून शिकवावा.

समजा, आमच्या यवतमाळकडच्या एका शेताचा गट नंबर दिलाय. त्यावरून सातबारा शोधायचा, मग बारा नंबरात कापूस नोंदलाय का बघायचं, मग क्षेत्र काढायचं. कुठलीही पायरी रिकाम्या हाताने परतू शकते. 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली खरी, पण नोंद राहिली की रकाना कोराच. निष्काळजीपणे लिहिलेला प्रोग्राम तिथे नलवर आपटतो, नाहीतर गुपचूप 0 धरून पुढे जातो. अहो, कापूस 0 हेक्टर आणि कापसाची नोंदच नाही, यात केवढा फरक! (1965 मध्ये नल आणणाऱ्या टोनी होअरनेच 2009 मध्ये त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटलं, ते उगाच नाही.)

हॅस्केलमधला 'मेबी' काय करतो? उत्तर असलं तर 'जस्ट', नसलं तर 'नथिंग'. 'बाइंड'ने पायऱ्या जोडल्या की एक 'नथिंग' आल्यावर पुढच्या चालतच नाहीत. दर ओळीला इफ-एल्स नको. बस्स, झाला मोनाड!

पण शेतकऱ्याला नुसतं "नाही" सांगून काय उपयोग? गट सापडला नाही की पीक नोंदलं नाही, त्यावर त्याची पुढची धावपळ ठरते. म्हणून अशा कामाला मी 'ईदर'च वापरीन. त्यात उत्तर 'राइट'मध्ये येतं आणि अडल्याचं कारण 'लेफ्ट'मध्ये शेवटपर्यंत सोबत राहतं.

बाकी नियमांचं गणित... फिलिप वाडलरचे नव्वदच्या दशकातले लेख आहेतच, सवडीने वाचा.