फोडणीला जे जमत नाही

रात्रीचा भात उरला की सकाळी फोडणीचा भात, हे बहुतेक मराठी घरांत ठरलेलंच. मोहरी, हिरवी मिरची, कांदा, हळद आणि थोडे शेंगदाणे. उपम्यापेक्षा मला तो केव्हाही प्यारा. 'चांगला परतला की सगळे जंतू मरतात,' अशी ग्वाहीही सोबत मिळते. ती अर्धीच खरी आहे. जंतू मरतात, पण त्यांनी भातात आधीच सोडलेलं विष तसंच राहतं.

या जंतूचं नाव बॅसिलस सिरियस. हा मूळचा मातीतला, तांदळाबरोबर घरात येतो. त्याचे बीजाणू इतके चिवट, की भात शिजवतानाही तग धरतात. मग पातेलं ओट्यावर झाकून ठेवलं, भात कोमट झाला, की ते रुजतात आणि भराभर वाढतात. त्यांचं सिर्युलाइड हे विष 121 अंश सेल्सिअसला दीड तास तापवलं तरी टिकतं. तिथे आपल्या कढईचा काय पाड लागणार?

1970च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या चिनी रेस्टॉरंटांत फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या झाल्या, तेव्हा हे उघड झालं. भात आधीच उकडून बाहेर ठेवलेला असे आणि मागणी येईल तसा परतला जाई. या प्रकारात अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

दुसऱ्या प्रकारात विष आतड्यात तयार होतं. सहा ते पंधरा तासांनी पोटात कळा आणि जुलाब. नॉर्वेच्या स्टाइनार हाउगे यांनी व्हॅनिला सॉसमध्ये हा जंतू वाढवून तो सॉस स्वतः प्यायला आणि पोटदुखी-जुलाब ओढवून घेऊन हा आजार याच जंतूने होतो, हे दाखवून दिलं. बहुतेकांना दिवसभरात आराम पडतो. क्वचित यकृत निकामी होऊन जीवही जातो.

म्हणून फोडणीचा भात सोडायला नको, रात्रीची सवय सोडा. उरलेला भात परातीत पसरून लवकर निववा, तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र टाकून द्या. अन्न टाकताना जीव तुटतो, हे मान्य. तरी टाका. वास आणि चव बिघडली नाही, एवढ्यावर विसंबू नका. या विषाला दोन्ही नाहीत.